‘फेरे कितने बजे हैं?’ : सकाळच्या लग्नाचे फोटो त्याच संध्याकाळी रिसेप्शनला दाखवायचे तर

इंदुरातल्या मराठी रिसेप्शनला एक प्रश्न हमखास कानावर येतो. नवऱ्याच्या ऑफिसातली मंडळी साडेसातला सूट-बूट घालून येतात, चाटच्या काउंटरपाशी उभी राहतात आणि विचारतात, ‘‘भिया, फेरे कितने बजे हैं?’’ नवऱ्याचा मावसभाऊ हातातली प्लेट सांभाळत सांगतो, ‘‘हो गए. दोपहर में ही.’’ समोरच्याचा चेहरा पडतो. त्याच्याकडे रात्री बारात, मग वरमाला आणि फेरे पहाटेपर्यंत. आपल्याकडे बाराला अक्षता पडतात, दोनला पंगत बसते आणि संध्याकाळी उरतं ते फक्त स्टेजवर उभं राहून नमस्कार करणं. लग्न झालंय, पण संध्याकाळी आलेल्यांपैकी बहुतेकांनी ते पाहिलेलंच नाही.

त्याच दिवशीचा स्लाइडशो या लोकांसाठी असतो. नवरा-नवरीसाठी नाही, त्यांना पुढे अल्बम मिळणारच आहे. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की किती फोटो, कोणते, पडदा कुठे, आवाज हवा की नको, या सगळ्याची उत्तरं आपोआप सुटत जातात. मी हे काम बरीच वर्षं करतोय आणि माझ्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच झाल्या. पुढचं सगळं नव्या फोटोग्राफरसाठी लिहिलंय. पण घरात लॅपटॉप हाताळणारा एखादा हुशार भाचा असेल तर त्यालाही वाचायला द्या.

आठ दिवस आधी: पडदा

सुरुवात पडद्यापासून करा, कॅमेऱ्यापासून नको. बायपासवरच्या मॅरेज गार्डनमध्ये लग्न असेल तर प्रोजेक्टरचा विचार सोडून द्या. डिसेंबरात इंदूरचा सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातच्या आसपास. शिवाय सूर्य मावळला तरी डेकोरेशनवाल्याचे दिवे मावळत नाहीत. तीन-चार हजार ल्युमेन्सचा प्रोजेक्टर बंद हॉलमध्ये, दिवे थोडे मंद केले तर चालतो. लॉनवर तो धुतलेल्या साडीसारखा फिका दिसतो. लॉनवर एलईडी वॉलच हवी, म्हणजे बारीक दिव्यांचा मोठा पडदा.

वॉल डेकोरेशनवाला लावतो आणि तो तुम्हाला फुटांत सांगतो, ‘‘बारा बाय आठ.’’ तेवढ्यावर फोन ठेवू नका. विचारा, पिच किती आणि कॅबिनेट, म्हणजे वॉल जोडायचे चौकोनी तुकडे, किती. पिच म्हणजे दोन दिव्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. पी ३.९ ची वॉल असेल तर अर्धा मीटर बाय अर्धा मीटरच्या एका कॅबिनेटमध्ये १२८ बाय १२८ ठिपके असतात. सात कॅबिनेट आडवे आणि पाच उभे लावले की ज्याला तो बारा बाय आठ म्हणतो ती वॉल तयार होते. तिचे एकूण ठिपके होतात ८९६ बाय ६४०. तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सलचा आणि ही वॉल पाऊण मेगापिक्सलचीसुद्धा नाही! म्हणून नवरीच्या पापणीवरचं काजळ तीक्ष्ण आहे की नाही हे बघण्यात दुपार घालवू नका. ते लांबून दिसणारच नाही. चेहरा, हसू आणि हात मात्र दिसतात.

दुसरी गोष्ट याच आकड्यांतून निघते. बारा बाय आठ म्हणजे तीनास दोन, आणि आपल्या कॅमेऱ्याची चौकटही तीनास दोनच. आडवा फोटो वॉलवर जवळजवळ जसाच्या तसा बसतो. लॅपटॉपचा सिग्नल मात्र सोळास नऊ असतो. वॉलच्या ऑपरेटरने तो ओढून-ताणून पूर्ण वॉलवर भरला की माणसं आडवी दाबली जातात. एका लग्नात माझ्याकडून हे शेवटपर्यंत सुधारायचं राहिलं. दोन्हीकडचे सगळे वऱ्हाडी उंच आणि सडपातळ दिसत होते. एकानेही तक्रार केली नाही, उलट दोन मावश्यांनी कॅमेरा कोणता म्हणून विचारलं. तरीही ऑपरेटरला आधीच सांगून ठेवा: ‘स्ट्रेच’ करायचं नाही, डावी-उजवीकडे कापलं गेलं तर चालेल. मग फोटो मधल्या भागातच मांडून निर्यात (एक्स्पोर्ट) करायचे, म्हणजे कापलं जातं ते फक्त काळं.

आता जागा. बहुतेक ठिकाणी वॉल स्टेजच्या मागे, नवरा-नवरीच्या पाठीशी लावतात. माझा याला विरोध आहे. एक तर स्टेजवर आहेर घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाची पाठ वॉलकडे असते. दुसरं, दर सहा सेकंदांनी वॉलचा रंग बदलतो आणि तो उजेड नवरीच्या गालावर पडतो, कधी हिरवा, कधी हळदीचा पिवळा. तिसरं, वेगवान शटरवर एलईडी वॉलचे पट्टे फोटोत येतात आणि रिसेप्शनचे फोटो बिघडतात. मागे लावायचा हट्टच असेल तर शटर १/१०० किंवा त्याहून हळू ठेवून आधी दोन फोटो काढून बघा. चांगली जागा म्हणजे स्टेजकडे जाणाऱ्या रांगेच्या बाजूला. रांगेत उभा माणूस पंधरा-वीस मिनिटं अडकलेला असतो, हातात पाकीट, आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही. तोच तुमचा खरा प्रेक्षक. दुसरी बरी जागा जेवणाच्या टेबलांसमोर, पण तंदूरच्या धुरात नको.

कॅमेऱ्यातच निम्मं काम

१८६६ साली, पुढे नामांकित फोटोग्राफर झालेले लाला दीनदयाळ इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले. १८७४ च्या सुमारास त्यांनी फोटोग्राफी हाती घेतली आणि तुकोजीराव होळकर दुसरे यांचा त्यांना आश्रय मिळाला. त्या जमान्यातल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काच वाळण्याआधीच टिपून, अंधारात नेऊन धुवावी लागे. नाहीतर चित्र गेलं. म्हणजे ‘त्याच दिवशी’ ही आपली नवी करामत नाही. मधली शंभर वर्षं रीळ धुवायला टाकून आठवडाभर वाट बघण्याची सवय लागली, इतकंच. सांगायचा मुद्दा असा की वेळ कमी असली की सगळं आधी जुळवून ठेवावं लागतं. त्यांनाही ठेवावं लागत होतं.

तर आदल्या रात्री सगळे कॅमेरे एका टेबलावर ठेवा आणि त्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा. तुमचा, जोडीदाराचा आणि कोणी तिसरा असेल तर त्याचाही. हे केलं नाही तर दुपारी फायली वेळेनुसार लावल्यावर सप्तपदी आधी आणि मंगलाष्टकं नंतर येतात आणि तुम्ही नाश्त्याच्या पोह्यांची प्लेट कोणत्या हातात होती यावरून क्रम लावत बसता.

कॅमेऱ्याला दोन कार्डं लागत असतील तर एकावर रॉ (कॅमेऱ्याची कच्ची, मोठी फाइल) आणि दुसऱ्यावर लहान आकाराचं जेपेग (तयार फोटो) ठेवा. लहान म्हणजे साधारण सहा मेगापिक्सल. वर वॉलचे आकडे बघितलेत, सहा मेगापिक्सल तिथे चैन आहे. रॉ अल्बमसाठी, ते आज उघडायचंही नाही. संध्याकाळचं सगळं काम जेपेगवर. आठशे छोटी जेपेग मिळून दोन जीबीच्या आसपास होतात आणि अर्ध्या-एक मिनिटात लॅपटॉपवर उतरतात. रॉ भरलेलं ३२ जीबीचं कार्ड चांगल्या यूएसबी ३ रीडरनेही सहा-सात मिनिटं घेतं. शिवाय अशी कार्डं तीन-चार असतात आणि प्रत्येक वेळी कोणीतरी ‘‘दादा, एक फॅमिली फोटो’’ म्हणून बोलावत असतं.

जेपेग माफ करत नाही. रॉमध्ये चुकलेला रंग नंतर सावरता येतो, जेपेगमध्ये तो भाजला जातो. मांडवाचं लाल-गुलाबी कापड असेल तर दुपारच्या उन्हात सगळ्यांचे चेहरे त्याच रंगाचे होतात. पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा आपोआप रंग जुळवतो, तो ऑटो व्हाइट बॅलन्स इथे गोंधळतो. मांडवात शिरल्याबरोबर पांढऱ्या उपरण्यावर बॅलन्स ठरवून घ्या आणि तो बदलू नका. गुरुजींचं उपरणं चालतं, विचारायचीही गरज नाही. रंगाचा पर्याय एसआरजीबी ठेवा, अडोबी आरजीबी नको. नाहीतर वॉलवर सगळी हळद आजारी दिसते.

आणखी एक सवय लावून घ्या. बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटोला तारे द्यायचं बटण असतं. चांगला फोटो पडल्याचं तुम्हाला त्याच क्षणी कळतं; गुरुजी समिधा शोधत असतात तेवढ्यात तारा देऊन टाका. तो तारा फाइलबरोबर लॅपटॉपवर येतो. लाइटरूम किंवा फोटो मेकॅनिक अशा सॉफ्टवेअरमध्ये नुसते तारांकित फोटो वेगळे केले की निम्मी छाटणी झालेली असते.

सकाळ ते दुपार: कार्डांची ने-आण

फोटो काढणारा आणि लॅपटॉपवर बसणारा, ही दोन माणसं हवीत. ही अट मी सोडत नाही. एकटे असाल तर चाळीस फोटोंच्या वर कबूल करू नका. मोठ्या गोष्टी कबूल करून एकदा मी पंगतीच्या वेळी खोलीत लॅपटॉपवर बसलो होतो आणि विहिणींच्या पंगतीतले उखाणे माझ्याशिवाय झाले. त्या उखाण्यांचे फोटो आजही कोणाकडे नाहीत. ती वरमाय रस्त्यात भेटली की अजून त्याची आठवण काढते.

कार्डं तीन वेळा उतरवा. पहिल्यांदा गौरीहार झाल्यावर, साधारण दहाला. दुसऱ्यांदा सप्तपदी संपल्यावर. तिसऱ्यांदा पंगत अर्धी उठल्यावर. दर वेळी लॅपटॉप आणि एक बाहेरची एसएसडी, अशा दोन ठिकाणी नक्कल करा. उतरवलेलं कार्ड उलटं करून वेगळ्या पाऊचमध्ये टाका, आणि ते आज परत कॅमेऱ्यात जाणार नाही. कॅमेऱ्यातून एकही फोटो पुसायचा नाही, अगदी काळा पडलेलासुद्धा. घाईत बोट चुकतं.

लॅपटॉपवाल्याला बसायला खोली आधीच मागून घ्या. वधूपक्षाच्या खोलीत बसलात तर साड्या बदलायच्या वेळी बाहेर काढतील, वरपक्षाच्या खोलीत बसलात तर झोपलेल्या काकांच्या पायाशी चार्जरची वायर अडकेल. कार्यालयाचं ऑफिस किंवा केटररच्या सामानाची कोठी बरी. आणि त्याच्या जेवणाची आठवण दुसऱ्या कोणीतरी ठेवायची असते. तो स्वतः ठेवत नाही.

छाटणी: खरं काम इथे आहे

हिशोब असा. रांगेतला माणूस पंधरा-वीस मिनिटं उभा असतो. एक फोटो सहा सेकंद दाखवला तर शंभर फोटो दहा मिनिटांत संपतात आणि परत सुरू होतात. म्हणजे प्रत्येकाला सगळं एकदा पूर्ण आणि बरंचसं दुसऱ्यांदा दिसतं. शंभर पुरेत. दीडशेच्या पुढे गेलात की त्याने अंतरपाट न बघताच स्टेज गाठलेलं असतं.

आठशेतून शंभर काढायला दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत एका फोटोला एक सेकंद. हो किंवा पुढे. मोठं करून बघायचं नाही, शेजारच्याशी तुलना करायची नाही. पंधरा मिनिटांत अडीचशे उरतात. दुसऱ्या फेरीला एकट्याने बसू नका. वधूकडची एक आणि वरकडची एक अशा दोन बायका शेजारी बसवा. आत्या, मावशी, कोणीही, पण जिला सगळ्यांची नावं आणि सगळ्यांची भांडणं माहीत आहेत अशी. तुम्हाला जो फोटो अप्रतिम वाटतो त्यातल्या माणसाने गेल्या वर्षी जागेवरून कोर्टात केस घातलेली असते, हे तुम्हाला कुठून कळणार? एका लग्नात मी वराच्या आजोबांचा सुंदर फोटो लावला, मागे भिंतीवर आजींची तसबीर. आजी दोन महिन्यांपूर्वीच गेलेल्या. घरच्यांना तो फोटो हवा होता, पण तो आधी घरात बघायचा होता, सगळ्यांसमोर पहिल्यांदा नव्हे. शेजारी मावशी असती तर तिने हात धरला असता.

या दोघींना बसवण्याचं आणखी एक कारण आहे. रिसेप्शननंतर येणारी सर्वांत मोठी तक्रार फोटो वाईट असल्याची नसते. ती असते, ‘‘आमच्याकडचे कमी दिसले.’’ म्हणून शेवटी मोजा. अक्षरशः मोजा: वधूकडचे किती, वरकडचे किती. चार-पाचचा फरक चालतो, पंधराचा नाही.

काय घ्यायचं? अंतरपाट बाजूला होण्याचा क्षण, हा तर असणारच. त्याच्या आधीचा, पडद्याच्या दोन बाजूंनी दोघं एकाच वेळी दिसतील असा, जोडीदाराने बाजूने टिपलेला. लाजाहोमात भावाने बहिणीच्या ओंजळीत लाह्या घातल्याचा. कानपिळीचा तर हवाच, कारण नवऱ्याचा कान मेहुण्याच्या हातात हे कोणत्याही भाषेच्या माणसाला कळतं आणि रांगेत पहिलं हसू तिथेच फुटतं. सूनमुख, आरशात सून आणि सासू दोघींचे चेहरे. अक्षता हवेत असतानाचा. हात वर केलेल्या माणसांची गर्दी एका चौकटीत येते, त्यामुळे वीस-पंचवीस जणांना आपण दिसल्याचं समाधान एका फोटोत मिळतं. मग म्हातारी माणसं. खुर्चीत बसलेले, काठीवर हनुवटी टेकवलेले, नातवाला बूट घालणारे. संध्याकाळी ही मंडळी थकून लवकर निघतात किंवा येतच नाहीत. पडद्यावर ती हजर राहतात.

काय नको ते कमी महत्त्वाचं नाही. तोंडात घास असलेला एकही फोटो नको. ओल्या साडीतल्या हळदीचे फोटो बायकांनी स्वतः हो म्हटल्याशिवाय नकोत, कारण हळदीला घरातली चार माणसं होती आणि रिसेप्शनला ऑफिसातला बॉस आहे. आहेराची पाकिटं, दागिन्यांची पेटी, रुखवताशेजारी मांडलेल्या वस्तूंचे जवळून काढलेले फोटो नकोत. पाठवणी आधी झाली असेल तर रडतानाचा फार तर एक, तोही बापाचा नको. बाप संध्याकाळी दारात उभा राहून लोकांचं स्वागत करत असतो, त्याला तिथे हसायचं असतं.

एकट्या नवरीचे पोज दिलेले फोटो मी पाचवर ठेवतो. नवरी समोर स्टेजवर बसलेली आहे, लोक तिला बघतच आहेत.

क्रम, आणि चार ओळी हिंदीत

क्रम साधारण घडला तसाच ठेवा, पण पहिला फोटो गौरीहाराचा नको. फेरी पुन्हा पुन्हा सुरू होणार आहे, त्यामुळे ‘सुरुवात’ तशी नसतेच. दर दहा-बारा फोटोंनंतर एखादा मोठ्या गर्दीचा किंवा हसवणारा ठेवला की कोणीही मधूनच बघायला लागलं तरी थांबतं.

संध्याकाळच्या पाहुण्यांपैकी निम्म्यांना अंतरपाट म्हणजे काय ते माहीत नसतं. म्हणून मी सहा-सात ठिकाणी काळ्या पाटीवर एक ओळ देतो, वर मराठी आणि खाली हिंदी. ‘अंतरपाट’ आणि खाली ‘यह परदा हटने तक दूल्हा-दुल्हन एक-दूसरे को नहीं देखते’. ‘कानपिळी’ आणि खाली ‘साले साहब की बारी’. अक्षरं जाड आणि मोठी, एका पाटीवर दहा शब्दांपेक्षा जास्त नकोत. ८९६ ठिपक्यांच्या वॉलवर बारीक अक्षरांचा चुरा होतो. वळणदार सुलेखन कार्डावर शोभतं, इथे नाही. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्या, इंदुरातही एखादे निवृत्त मराठीचे मास्तर प्रत्येक लग्नात असतातच.

उभ्या फोटोंचा प्रश्न इथेच सोडवा. उभा फोटो एकटा लावला की दोन्ही बाजूंना काळं उरतं. मागे त्याच फोटोची धुरकट मोठी प्रत लावायची फॅशन आहे, मला ती कोपऱ्यातल्या सलूनच्या जाहिरातीसारखी वाटते. त्यापेक्षा दोन उभे शेजारी लावा. ते तीनास दोनच्या वॉलवर छान बसतात. एक वधूकडचा, एक वरकडचा. दोन आज्या, दोन करवल्या, दोन पेंगलेली पोरं.

दुरुस्ती आणि फायली

यावर फार वेळ घालवू नका. एका प्रसंगाचे फोटो एकत्र निवडा, एकाचा उजेड नीट करा आणि तीच दुरुस्ती बाकीच्यांवर चिकटवा. चौकट सरळ करा, कडेला डोकावणारा अर्धा माणूस कापा. त्वचा गुळगुळीत करायच्या नादाला आज लागू नका.

निर्यात करताना लांब बाजू १९२०, दर्जा ८०, एसआरजीबी. फाइल एक एमबीच्या आत राहते आणि सगळा संच शंभर एमबीपेक्षा कमी होतो. फायलींना नावं नाही, आकडे द्या, आणि तेही दहाच्या टप्प्याने: ०१०, ०२०, ०३०. संध्याकाळी सातला कोणीतरी धापा टाकत येऊन सांगणारच आहे की ग्वाल्हेरच्या मामांचा फोटो राहिला. तेव्हा ०३५ नावाने घुसवता येतो. आकडा हजारपर्यंत पोहोचला तर बाकीच्यांपुढे शून्य वाढवा, प्रत्येक नावात चार अंक हवेत. टीव्ही आणि जुने प्लेअर नावानेच क्रम लावतात.

यानंतर त्याच संचाचा एक एमपी४ व्हिडिओही बनवून ठेवा, एच.२६४, पूर्ण एचडी. दहा मिनिटांचा व्हिडिओ १० एमबीपीएसवर ७५० एमबीच्या आसपास होतो. हा तुमचा दुसरा दरवाजा. लॅपटॉप रुसला तर पेन ड्राइव्ह थेट टीव्हीत किंवा वॉलच्या प्लेअरमध्ये. पेन ड्राइव्ह एफएटी३२ या प्रकारात फॉरमॅट करून ठेवा, काही टीव्हींना दुसरं वाचता येत नाही. एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते, पण आपण तिथपर्यंत जातच नाही. फोटो बदलताना एक सेकंदाचा फेड पुरे. पानं उलटणं, बदाम उडणं, तुकडे होऊन पडणं, हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून वापरायचं नसतं.

चार वाजता: जोडणी

एचडीएमआय केबल ऑपरेटर देईल म्हणून निवांत राहू नका. साधी तांब्याची केबल दहा मीटरपर्यंत ठीक, पंधराच्या पुढे भरवसा नाही. चित्र येतं, जातं, चमकतं. लांब अंतराला ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिची एक बाजू लॅपटॉपची आणि दुसरी पडद्याची असते, टोकांवर लिहिलेलं असतं. उलटी लावली की काही दिसत नाही आणि सगळे तुमच्याकडे बघायला लागतात. लॅपटॉपला टाइप-सीच असेल तर जोडणीचा अडॅप्टर तुमच्या खिशात हवा.

विंडोजमध्ये ‘विंडोज’ आणि ‘पी’ दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा, ‘डुप्लिकेट’ नको. म्हणजे वॉलवर फक्त फोटो आणि तुमच्यासमोर बाकीचं. स्लाइडशोसाठी इरफानव्ह्यूसारखं हलकं सॉफ्टवेअर मला पुरतं. झोपायची वेळ आणि स्क्रीनसेव्हर बंद. सूचना बंद. व्हॉट्सॲप नुसतं लपवू नका, बंदच करा. हे मी अनुभवाने सांगतोय: सप्तपदीच्या फोटोवर, बारा फुटी वॉलच्या उजव्या कोपऱ्यात, माझ्या बायकोचा निरोप झळकला होता, ‘येताना दही आणा’. तेव्हापासून स्लाइडशोसाठी लॅपटॉपवर वेगळं, रिकामं खातं ठेवलंय.

मग विजेचं. गार्डनमध्ये लाइट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत दहा-पंधरा सेकंद अंधार होतो. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, वॉलही परत उजळते, पण लॅपटॉपचं चित्र वॉलवर पोचवणाऱ्या मधल्या व्हिडिओ प्रोसेसरचा इनपुट कधीकधी बदलून जातो आणि वॉलवर निळा पडदा किंवा वॉलवाल्याचं स्वतःचं नाव येतं. प्रोसेसरला छोटा यूपीएस द्या आणि इनपुट कुठल्या बटणाने परत येतो ते ऑपरेटरकडून शिकून घ्या. कारण नेमक्या त्याच वेळी तो जेवायला गेलेला असतो.

तपासणी खऱ्या फायलींवर करा. पूर्ण दहा मिनिटं, रांग जिथे उभी राहणार तिथे स्वतः उभं राहून.

आवाज

मी स्लाइडशो मुका ठेवतो. सनई असते, मग डीजे असतो, तिसरा आवाज कशाला? घरच्यांना गाणी हवीच असतील तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सवलत आहे आणि जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने ती पुन्हा स्पष्ट केली. ही सवलत समारंभात वाजवण्यापुरती. तोच व्हिडिओ गाण्यासकट यूट्यूबवर चढवलात तर ती तिथे कामाची नाही, आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच अडवला जातो. आणि रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांचा भाग. दहाला डीजे गप्प होतो, अर्धे पाहुणे सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीकडे निघतात, आणि उरलेली घरची माणसं खुर्च्या ओढून पहिल्यांदाच निवांत वॉलसमोर बसतात. मुक्या स्लाइडशोला काही बंद करावं लागत नाही.

साडेआठनंतर

एक छोटी गंमत जमली तर करा. रिसेप्शनला आलेल्यांचे दहा-बारा ताजे फोटो साडेआठच्या सुमारास फेरीत मिसळा. आकड्यांत जागा ठेवलेली आहेच. आत्ताच रांगेत उभं असलेलं पोरगं स्वतःला वॉलवर बघतं आणि धावत आईला आणायला जातं. त्यानंतर तिथे गर्दी हलत नाही.

रात्री निघण्याआधी हेच शंभर फोटो घरच्यांच्या ग्रुपवर टाका, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून, नाहीतर व्हॉट्सॲप त्यांचा चोथा करतं. रॉ फायली त्या दिवशी कोणालाही देऊ नका, कितीही लाडाने मागितल्या तरी. आणि एक पेन ड्राइव्ह हातात ठेवून जा. खरं म्हणजे दोन न्या, एक वधूमाईला आणि एक वरमाईला, आणि दोघींना एकत्र उभं करून एकाच वेळी दोन्ही हातांनी द्या. कोणाला आधी मिळाला हे पुढच्या दिवाळीपर्यंत लक्षात राहतं.